चार ओळींचा जबाब

"गिरण थांबवता का दोन मिनिटं?" मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे वैजंता खोतला ऐकू गेलं. तिच्या पापण्यांवर आणि भुवयांवर पीठ बसलं होतं.

"ही ज्वारी उतरू दे," ती म्हणाली. "मधीच थांबवली की पीठ जाडं पडतं."

मी आणि हवालदार नंदा घोरपडे दाराशी उभ्या राहिलो. नंदा साध्या साडीत होती. मीच तिला तसं यायला सांगितलं होतं. गावात पोलिसांची गाडीही आणली नव्हती. ज्वारी उतरली, पट्टा सुटला, आवाज बसत बसत थांबला. मी फाइलमधून एक कागद काढून तिच्यासमोर धरला.

"हे कोण आहेत, सांगाल?"

तिने पदराला हात पुसले, पण कागद हातात घेतला नाही. लांबूनच पाहिलं.

"खोत हायत," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दाढी ठेवलीया."

"हा फोटो मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला आहे. कर्नाटकात होस्पेटला त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत वाढवून घेतली, तेव्हाचा."

सरकारी कागदांप्रमाणे सयाजी खोत अडीच वर्षांपूर्वी कृष्णेत बुडून मेला होता. पुलावर त्याची मोटरसायकल, चपला आणि मोबाइल सापडला. बावीस दिवसांनी कोळगावच्या बंधाऱ्याला एक प्रेत अडकलं. ते आपल्याच नवऱ्याचं आहे असं वैजंताने सांगितलं, खाली सही केली. विमा कंपनीने रक्कम दिली आणि त्यातून ही गिरण आली.

"म्हंजे जित्ते हायत," वैजंता म्हणाली.

"हो."

तिने मान खाली घातली आणि शेजारचा पत्र्याचा डबा उचलला. "मास्तरांचे गहू हायत. चारला न्यायला येतील. एवढे दळून देते."

पुन्हा गिरण सुरू झाली. आम्ही पुन्हा उभ्या राहिलो.

मी पोलीस नव्हते. एकोणीस वर्षं विम्याच्या दाव्यांची छाननी केली होती. ती नोकरी सोडल्यावर जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मला कंत्राटावर घेतलं. कागद वाचायचे, खरं-खोटं वेगळं करायचं, अहवाल द्यायचा, एवढं काम. गणवेश नाही, हुद्दा नाही. रोज सकाळी फाटकावर पाहुण्यांच्या वहीत सही करून आत जायचं: अनुराधा उकिडवे, काम, तपास. निरीक्षक गावित साहेब म्हणायचे, "मॅडम, तुम्हाला आत घेताना आम्हीच तुमची चौकशी करतो."

त्या वर्षी मार्चमध्ये माझी आई गेली होती. पाचव्या दिवशी मी कामावर हजर होते. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. हातावर बर्फ ठेवल्यावर कातडी बधिर होते आणि बर्फ आहे हेही कळेनासं होतं, तशी होते मी. काम मात्र चोख चालायचं. खोटे मृत्यूदाखले देणाऱ्या एका डॉक्टरच्या सह्यांची सात प्रकरणं गावित साहेबांनी माझ्याकडे दिली होती. सहा उघड खोटी निघाली. सातव्यात डॉक्टरचा काही संबंध नव्हता, नाव चुकून यादीत आलं होतं. ती फाइल बंद करण्याआधी मी सवयीने मयताचं लायसन्स तपासलं आणि मेल्यानंतर चौदा महिन्यांनी काढलेला त्याचा फोटो माझ्यासमोर आला.

गहू दळून झाल्यावर मी वैजंताला पंचनाम्याची नक्कल वाचून दाखवली. "प्रेताच्या कमरेला काळा करदोटा, त्यात ताईत एक. तो तुमच्या ताब्यात दिल्याची नोंद आहे. ताईत खोतांचाच होता?"

"व्हय."

"आता कुठे आहे?"

"बघाय लागंल."

निघताना नंदाने न राहवून विचारलं, "वहिनी, आता कुंकू लावणार का?"

वैजंता मास्तरांच्या डब्याचं झाकण लावत होती.

*

आठ दिवसांत सयाजी खोतला होस्पेटहून आणलं. तिथे तो खनिजाच्या ट्रकवर होता, एका खोलीत एकटा राहत होता. आमची समजूत होती की नवरा-बायकोने मिळून हे रचलं. गावित साहेबांनी त्याला दोन दिवस उलटसुलट विचारलं. त्याला विम्याचं ठाऊक नव्हतं. जुन्या मालकाने सगळ्या ड्रायव्हरांचा एकत्र उतरवलेला विमा होता तो. प्रेताचंही ठाऊक नव्हतं.

"मग गेलास कशाला?" गावित साहेबांनी विचारलं.

"पुलावर थांबलो होतो, साहेब. उडी मारायची म्हणून. ती काही होईना. घरी परत जायचंही होईना. एक ट्रक आला, त्याला हात केला."

"आणि बायको? पोरं?"

"आज कळवू, उद्या कळवू म्हणता म्हणता राहिलं."

वैजंताला बोलावून त्याच्यासमोर उभं केलं. तो खुर्चीवरून उठला. "वैजंता," म्हणाला.

"ओळखता यांना?" गावित साहेबांनी तिला विचारलं.

"व्हय. हे खोत," ती म्हणाली. "कुठं सही करायची?"

सही करून ती निघाली. सयाजी उभाच राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

संध्याकाळी गावित साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "संगनमत नाही हे उघड आहे," ते म्हणाले. "आता प्रश्न एकच. प्रेत आपल्या नवऱ्याचं नाही, हे तिला त्या वेळी कळलं होतं का? नकळत चूक झाली असेल तर विमा कंपनी आपले पैसे वसूल करील, विषय संपला. कळून सवरून सही केली असेल तर फसवणूक. तुमचं मत लिहून द्या."

"आणि प्रेत कुणाचं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीही कळवळ्याने विचारला नव्हता. फाइलमध्ये एक रकाना रिकामा दिसत होता, म्हणून विचारला.

*

नदीकाठच्या पाच ठाण्यांमधल्या बेपत्ता माणसांच्या वह्या मी आणि नंदाने काढल्या. त्या पंधरवड्यातले, त्या वयाचे चार पुरुष. दोघे पुढे परत आले होते. एकाच्या पायात लोखंडी सळी होती, ती प्रेतात नव्हती. उरला एक. बिरू कोळेकर, वय एकोणतीस, जत तालुक्यातला, वीटभट्टीवर कामाला.

"त्याची आई येते की," ठाण्यातला जमादार म्हणाला. "दर अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी. अडीच वर्षं झाली. मुकादम म्हणतो, पोरगा पोरगी घेऊन पळाला. म्हातारी ऐकत नाही."

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी त्या ठाण्यात जाऊन बसले. अकराच्या सुमाराला बाळाक्का कोळेकर आल्या. उंच, वाळलेल्या, हातात कापडी पिशवी. जमादाराने मान हलवायच्या आधीच त्या परत फिरायला लागल्या होत्या, इतकी त्यांना त्याची सवय झाली होती. मी त्यांना बाकावर बसवलं.

"पळून गेला म्हणतात, ते खरं वाटतं का तुम्हाला?"

"पळाला असता तर मला सांगून पळाला असता," त्या म्हणाल्या. "लहानपनी शाळेतनं पळायचा तरी सांगून पळायचा."

"कमरेला काही बांधायचा का?"

"करदोटा. त्यात चांदीची पेटी, एवढीशी." त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं. "बिरोबाचा भंडारा हाय आत. जलमला तवा घातला, उतरवला न्हाई कधी. का गं बाय?"

मी वहीत लिहून घेतलं. चांदीची पेटी, आत भंडारा. पंचनाम्यात नुसतं 'ताईत एक' होतं. कसा, कशाचा, काही नाही. तो ताईत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नव्हतं.

"चौकशी चालू आहे, आक्का," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून दोन भाकरी काढल्या, एक माझ्यापुढे धरली. मी घेतली आणि खाल्ली. चव लागली नाही, पण त्या दिवसांत कशालाच लागत नव्हती.

*

वैजंताकडे दुसऱ्यांदा मी एकटीच गेले. असं जायला नको होतं. नियमाप्रमाणे गावित साहेबांना सांगून, झडतीचा कागद घेऊन जायला हवं होतं. का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. कुणाची बाजू घ्यायची होती असं नाही. दोन्हीकडची माहिती माझ्याकडे होती, ती तिला सांगावी असं वाटलं, एवढंच.

गिरण बंद होती. ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी तिला बाळाक्कांबद्दल सगळं सांगितलं. अमावास्या, मुकादमाचं बोलणं, चांदीची पेटी.

"ताईत तसाच असेल तर तो त्यांचा मुलगा," मी म्हणाले. "मग तुम्हाला विचारतील, नवऱ्याच्या कमरेला असली पेटी नव्हती हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का. ताईत हरवला असं तुम्ही म्हणालात तर कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही. त्यांनाही नाही."

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"त्या बाईला आणखी ल्येकरं हायत?"

"नाहीत."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती कार्यालयाच्या फाटकावर उभी होती. रुमालाच्या गाठीत पेटी होती. तिने ती गावित साहेबांच्या टेबलावर ठेवली. "मला वाटलं, गाडीवर असताना कुठंतरी बांधून घेतली आसंल त्यांनी," ती म्हणाली.

गावित साहेबांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "नवरा पंधरा-पंधरा दिवस बाहेर असला की बायकोला काय ठाऊक असणार." मला कळलं, ते तिला वाट करून देत होते.

बाळाक्कांना आणायला गाडी पाठवली. त्या दुपारी आल्या. पेटी पाहिल्यावर रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती तळहातावर घेतली, अंगठ्याच्या नखाने झाकण उचकटलं. आतला भंडारा पाण्याने घट्ट बसला होता. त्यांनी नखाने तो थोडा खरवडला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि मग समोर बसलेल्या वैजंताच्या मोकळ्या कपाळाला लावला. पुराव्याच्या वस्तूला असा हात लावायचा नसतो. गावित साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

"सगळं केलंस न्हवं त्याचं?" बाळाक्कांनी विचारलं.

"केलं," वैजंता म्हणाली. "दिरांनी अग्नी दिला. दहावं, तेरावं. वर्षश्राद्ध बी केलं."

"चांगलं झालं."

नंदा त्यांना अंगठ्यासाठी आणि चहासाठी बाहेर घेऊन गेली. गावित साहेबांना वरून बोलावणं आलं. खोलीत मी आणि वैजंता राहिलो. मी ताईत हजर केल्याचा कागद लिहीत होते. ती आपण होऊन बोलायला लागली.

"बावीस दिवस पाण्यात, मॅडम. तोंड काय ऱ्हातंय. आक्खं गाव नदीला फिरत हुतं. सासूबाई पाण्याच्या घोटावर. तिथला मानूस म्हनाला, हेच का? मी व्हय म्हनाले. त्या दिवशी सगळी घरी जाऊन जेवली."

मग तिने दहाव्याच्या दिवसाचं सांगितलं. चार ओळींचं बोलणं. मी ते कार्यालयाच्या भाषेत उतरवलं, तिला वाचून दाखवलं, तिने सही केली. मी कागद आवक नोंदवहीत चढवला, नंबर टाकला, फाइलला लावला. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी गावित साहेबांनी तो कागद वाचला. दोनदा वाचला.

"हे तुमच्यासमोर बोलली?"

"हो."

"आणखी कोण होतं?"

"कुणी नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "उकिडवे मॅडम, हेच ती माझ्यासमोर बोलली असती तर कोर्टात त्याला काही किंमत नव्हती. पोलिसासमोर दिलेली कबुली धरत नाहीत. तुम्ही पोलीस नाही. ती अटकेत नाही, आपल्या पायांनी आली. म्हणून हा पक्का पुरावा आहे. या चार ओळींत ती स्वतःच्या तोंडाने सांगते की तिला ठाऊक होतं."

मी पेनाला टोपण लावलं.

"कागद अजून माझ्या टेबलावरच आहे," ते म्हणाले. "लिहू नका असं मी म्हणत नाही. पुन्हा एकदा विचार करा, एवढंच म्हणतो."

"आवक वहीत नंबर पडलाय, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुलूप लावलेल्या दाराकडे पाहावं तसं पाहिलं. "झालं मग," ते म्हणाले आणि फाइल पुढे ओढली.

त्या रात्री मला झोप लागली. हे सांगायला बरं वाटत नाही, पण लागली.

*

खटला तीन वर्षांनी उभा राहिला. तोवर मी कंत्राट सोडलं होतं. साक्षीला गेले तेव्हा वैजंताच्या वकिलाने मला विचारलं की मी ऐकण्यात चूक केली असेल का, तिची बोली मला नीट कळते का. मी कळते म्हणाले. वैजंताला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बोलले हुते मी तसं." वकील खाली बसला.

निकालाच्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेले. एक वर्षाची शिक्षा झाली. गिरण आधीच विकून विमा कंपनीचे पैसे चुकते झाले होते. मुलं दिराकडे राहणार होती. सयाजी खोत आला नव्हता. तो परत होस्पेटला गेल्याचं ऐकलं होतं. वॉरंटचे कागद तयार होईपर्यंत वैजंताला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, शेजारी एक महिला पोलीस. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बाळाक्का बसल्या होत्या. एसटी बदलत बदलत आल्या होत्या. मला पाहून त्यांनी हाताने बोलावलं.

"बाय, हिला कशापायी आत घालायलेत? पेटी दिली म्हनून?"

"नाही, आक्का. एक जबाब आहे तिचा. मी लिहून घेतलेला."

"काय हाय त्यात?"

"तुमच्यासमोर नव्हतं बोललेलं ते," मी म्हणाले आणि वैजंताकडे पाहिलं. वैजंता समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"वाच," बाळाक्का म्हणाल्या. "मला येत न्हाई."

साक्षीसाठी मिळालेली नक्कल माझ्या पर्समध्ये अजून होती. मी ती काढली, घडी उलगडली. अक्षर माझंच होतं, सरळ, एकही खाडाखोड नसलेलं. मी वाचायला लागले.

"'दहाव्याला कावळा शिवेना. दुपारचे दोन वाजले. सगळे म्हणाले, पोरांना सांभाळीन म्हण. मी म्हटलं, तरी शिवेना. मग मी मनात म्हणाले, बाबा, तू कोण आहेस मला ठाऊक नाही. माझा नवरा नाहीस एवढं…'"

पुढचा शब्द मला दिसत होता. तो तोंडातून निघेना. मी खाकरले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. महिला पोलिसाने पाण्याची बाटली पुढे केली. मला ती धरता आली नाही. तीन वर्षांपूर्वी मी हेच दहा मिनिटांत लिहून, नंबर टाकून, फाइलला लावलं होतं.

"एवढं ठावं हाय," वैजंता म्हणाली. ती अजून भिंतीकडेच बघत होती. "तुझी मानसं मी हुडकीन. तू कुठं गेलास ते त्यास्नी सांगीन. आसं म्हनाले, आनि शिवला बगा. लगीच शिवला." तिने बाळाक्कांकडे तोंड वळवलं. "पन मी हुडकलं न्हाई, आक्का. गिरणीत बसले. तुमचं मॅडमनीच सांगितलं."

आतून शिपाई कागद घेऊन आला, महिला पोलीस उठून उभी राहिली. वैजंताही उठली.

"पानावर काय वाढलं हुतंस?" बाळाक्कांनी विचारलं.

"भात, वरन, वडं," वैजंता म्हणाली. "आनि शेवयाची खीर. खोतांच्या आवडीची."

"शेवया खायचा न्हाई त्यो," बाळाक्का म्हणाल्या. "ल्हानपनापास्नं."